कार्डाला विचारू नको

एस्टोनियात पेइप्सी सरोवराच्या काठी मुस्तवे नावाचं गाव आहे. तिथली माणसं इतकी कमी बोलतात की पोस्टमन पत्र देताना नुसता खोकतो आणि घेणाराही खोकूनच ते घेतो. गावातल्या एका म्हाताऱ्याने तरुणपणी कुंपणावरून शेजाऱ्याला विचारलं होतं, बरं चाललंय ना. शेजारी विचार करायला लागला. पुढे राज्य बदललं, नाणी बदलली, शेजाऱ्याला नातवंडं झाली. उत्तर अजून आलेलं नाही. म्हातारा रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन उभा राहतो, पण घाई करत नाही. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी जाऊन बघावं, जागा धरून आहे तो.

अशा गावात ओलेवचं काही बिनसलंय हे कोणाच्या नजरेत आलं नाही, यात नवल नाही. तो आधीही बोलत नसे, आताही बोलत नव्हता. फरक इतकाच, की आधी तो गप्प असायचा तेव्हा आत काहीतरी चाललेलं असायचं.

त्याची बायको विर्वे दोन हिवाळ्यांमागे गेली. बाईचा जन्म बर्फावर गेला होता. सरोवर-संशोधन केंद्रात ती नोकरीला होती आणि गोठलेल्या सरोवराचा आवाज टिपणं हे तिचं काम. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, खालच्या पाण्यात माईक सोडायचा आणि कानाला लावून बसायचं. बर्फ दिवसभर कण्हतो, अंग ताणतो, मधूनच या काठापासून त्या काठापर्यंत लांबलचक शीळ घालतो. तिच्या पायाखाली दोनदा बर्फ फुटला. एकदा लांडगा मागे लागला, आणि ही बाई काही पळत नाही म्हटल्यावर कंटाळून परत गेला. तिला काही झालं नाही. आणि गेली कशी, तर पोस्टाच्या रांगेत, पुढे एकच माणूस उरलेला असताना. तिची मोठी बहीण लेइदा तेव्हा म्हणाली की विर्वेला रांगेचा कंटाळा होता हे खरं, पण इतका असेल असं वाटलं नव्हतं. मयताला आलेले सगळे हसले. ओलेवही हसला असावा. त्याला आठवत नाही.

तेव्हापासून तो बधिर होता. रडू नाही, राग नाही, भूकही घड्याळात बघून लागायची. कॉफीच्या भांड्याने बोट भाजलं तर करपल्याचा वास आल्यावर त्याला कळायचं. भर जानेवारीत तो स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर अनवाणी उभा राहून पावाला लोणी लावायचा, आणि पाय निळे पडलेत हे दुसऱ्याच कोणाचे पाय बघावेत तसं बघायचा.

हे बघणारी आणखी एक होती, ती लेइदा. ती मासे धुरीवर लावून विकते. तिच्या धुरीचा वास असा, की सरोवरापलीकडे रशियाच्या काठावरची मांजरं पश्चिमेकडे तोंड करून झोपतात. हे सीमेवरचे शिपाईच सांगतात. दर गुरुवारी ती ओलेवकडे यायची. वर्तमानपत्रात बांधलेला मासा टेबलावर ठेवायची, त्याच्या पायांकडे एकदा बघायची, पिशवीतून स्वतः विणलेले लोकरी मोजे काढून खुर्चीवर टाकायची आणि कांद्याच्या माळांना या वर्षी कसा कोंब फुटतोय याबद्दल दोन वाक्यं बोलून निघून जायची. मोज्यांचा ढीग खुर्चीच्या पाठीला भिडला होता. ‘कसा आहेस?’ असं तिने दोन वर्षांत विचारलं नाही. तिच्या बापाच्या घरचा नियमच होता: बर्फावर निघालेल्या माणसाला ‘बर्फ धरतोय ना?’ असं विचारायचं नाही. विचारलं की बर्फ विचारात पडतो, आणि विचारात पडलेल्या बर्फाला माणसाचं वजन पेलत नाही.

ओलेवला हे सोयीचं होतं. घरातली एक वस्तू त्याने जागची हलवली नव्हती. बाहेरच्या दाराशी विर्वेचं गिरमिट उभं होतं, त्याला वळसा घालून तो जायचा-यायचा. साफसफाई करायचा ती कॉम्प्युटरच्या कोडची.

त्याचं काम समजायला सोपं, करायला किचकट. आपण कार्ड खाचेत सारतो, पिन टाकतो, काम झालं म्हणतो. पण कार्डावरची ती सोनेरी टिकली म्हणजे एक इवलासा, हट्टी, मितभाषी कॉम्प्युटर असतो. त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं, उत्तराची किती वाट बघायची, काय केलं की तो रुसून बसतो, हे सगळं ठाऊक असलेला कोडचा एक मोठा गठ्ठा मधे दुभाष्यासारखा बसलेला असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी सी भाषेत लिहिलेली, जुनी, देशोदेशींच्या हौशी लोकांनी फुकट भर घालून वाढवलेली. जितक्या जातीची कार्डं तितक्या फाइली, आणि प्रत्येक फाइल लिहिणाऱ्याच्या स्वभावाची. कोणी मेमरी मागून घेतलेली परत करायलाच विसरलेला, कोणी तीच दोनदा परत करणारा. एका फ्रेंच माणसाने तर फाइलभर ‘इथून तिथे उडी मार’ अशा इतक्या उड्या लिहून ठेवल्या होत्या की ती वाचणाऱ्याला गरगरतं म्हणे, आणि एका पोर्तुगीज बाईला खरोखरच बोट लागल्यासारखं झालं होतं.

लिहिणारे एकेक करून पांगले. देखभाल दोघांवर उरली: मुस्तव्यात ओलेव, आणि जर्मनीत कील बंदरात राहणारा हाउके. हाउके वयाने लहान, जिभेने तिखट. रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर बसून तो हेरिंग मासा घातलेला पाव खायचा आणि ओलेवने काल काय काय उडवलं ते वाचायचा. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचून मान डोलावल्याशिवाय काही पुढे जायचं नाही, हा या लोकांचा शिरस्ता.

आणि ओलेव उडवत होता भरपूर. कोणी न वापरलेली नावं, कुठूनही न पोचता येणाऱ्या ओळी, तीन ठिकाणी तीनदा लिहिलेली तीच गोष्ट. जिवंत माणूस कुठेतरी दमतो, एखाद्या ओळीची त्याला दया येते. बधिर माणसाला तसं काही होत नाही. लायब्ररी इतकी हलकी झाली, की हाउकेच्या म्हणण्याप्रमाणे लॅपटॉप टेबलावरून उडू नये म्हणून त्याला वर मिठाची बरणी ठेवावी लागत होती.

घरात एक डिस्क होती. विर्वेने आयुष्यभर टिपलेला बर्फ तिच्यात होता. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तिला बोलून नोंद करावी लागे, जागा कोणती, वारा कुठला, बर्फ किती जाड. म्हणजे डिस्कमध्ये विर्वेचा आवाज होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनवर निरोप ठेवणाऱ्यातली ती नव्हे. ती डिस्क उघडायची तर केंद्राचं निळं कार्ड लागायचं आणि विर्वेचा पिन. केंद्र कधीच बंद पडलेलं, तिथल्या इमारतीत आता मधमाश्यांच्या पेट्या विकतात. कार्ड मात्र घरात होतं, माशांच्या गळांच्या डब्यात. पिन तिने कधी सांगितला नाही. त्याच्या मनात दोन अंदाज होते: एक लग्नाची तारीख, दुसरा तिच्या बर्फावरच्या खोपट्यावर रंगवलेला नंबर. कार्ड दोन चुका पोटात घालतं, तिसरीला मिटतं, आणि केंद्रच उरलं नाही म्हणजे आता ते परत उघडून देणारं कोणी नाही. दोन अंदाज, तीन संधी. हिशेब जमत होता.

तरीही त्याने दोन वर्षांत कार्ड लावून बघितलं नव्हतं. भीती पिनची नव्हती. आवाज ऐकला आणि काहीच वाटलं नाही तर? ही एकच गोष्ट त्याला थोडीशी घाबरवायची, आणि घाबरता येतंय एवढ्यासाठी तो तिला जपून होता.

त्या हिवाळ्यात त्याने एक मोठं काम काढलं. पिनच्या किती संधी उरल्यात, हे प्रत्येक कार्डाला विचारावं लागतं. विचारायची रीत सगळीकडे जवळपास एकच: पिन तपासायचा हुकूम द्यायचा, पण पिन न देता, रिकाम्या हाताने. शहाणं कार्ड त्यावर ‘तीन’ किंवा ‘दोन’ असं सांगून मोकळं होतं. हाच प्रश्न प्रत्येक फाइलीत वेगवेगळा लिहिलेला होता. ओलेवने ठरवलं, सगळे काढायचे, एकच ठेवायचा, सगळ्यांनी तोच वापरायचा.

निळ्या कार्डाच्या फाइलीपाशी गाडी जरा अडली. तिथे प्रश्न विचारायची जागा होती, पण तिथला कोड कार्डाला काही विचारतच नव्हता. आल्या पावली ‘माहीत नाही’ असं उत्तर देऊन परत फिरत होता. वर एक टीप. सगळी लायब्ररी इंग्रजीत. एवढे दोनच शब्द एस्टोनियन भाषेत.

हाउकेने ते वाचून विचारलं, ही शिवी आहे का?

नाही, ओलेव म्हणाला. ‘विचारू नको’ असा अर्थ आहे. एस्टोनियन माणूस या कोडमध्ये मी एकटाच, तेव्हा मीच लिहिलं असणार.

का लिहिलंस?

आठवत नाही.

खरंच आठवत नव्हतं. पूर्वी कोड एका जुन्या ठिकाणावरून नव्या ठिकाणी हलवला, तेव्हा कोणी काय कधी आणि का बदललं हा सगळा इतिहास गळून गेला होता. स्वतःची ओळ समोर होती आणि दुसऱ्याच्या घराच्या दारावरची पाटी वाचावी तशी तो ती वाचत होता. हाउके म्हणाला की तरुणपणी आळस केला असशील, काढून टाक, रुसलेल्या सुनेसारखी एकच फाइल वेगळी कशाला बसलीय. ओलेवने ती ओळ टिपेसकट काढून तिथेही तोच प्रश्न बसवला. तपासणीचे प्रोग्राम चालवले. ते खोट्या, कॉम्प्युटरमध्येच बनवलेल्या कार्डांवर चालतात, आणि खोटी कार्डं फार सुस्वभावी. सगळीकडे हिरवं आलं.

नवी आवृत्ती बाहेर सोडायच्या आदल्या दिवशी हाउकेने नेहमीचं शेवटचं काम काढलं. आपापल्या खणातली खरी कार्डं एकेक करून लावून बघायची. त्याने त्याची चाळीसेक उरकली. मग यादी बघून म्हणाला, ते निळं कुणाकडेच दिसत नाही, ती फाइलच काढून टाकू या का.

ओलेव म्हणाला, माझ्याकडे आहे एक.

तो उठला, गिरमिटाला वळसा घालून गेला आणि गळांच्या डब्यातून कार्ड घेऊन आला. एक गळ बोटात घुसला, तो त्याने उपसून टाकला. पिन टाकायचा नव्हता. फक्त नमस्कार-चमत्कार बघायचा होता. कार्ड खाचेत सारलं. पडद्यावर आलं: संधी उरल्या, दोन.

कधीतरी विर्वेने एकदा चुकीचा पिन टाकला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. उतावळी होती. त्याने कार्ड काढून ठेवलं.

हाउके म्हणाला की नोंद चालूच केली नव्हती, परत एकदा लाव, म्हणजे कार्डाचं बोलणं उतरवून घेता येईल.

ओलेवने परत लावलं. संधी उरल्या, एक.

त्याने पडद्याकडे बघितलं. मग कार्ड असं हळू बाहेर ओढलं, जसं कोणी झोपलेल्या पोराच्या हाताखालची उशी ओढतो. टेबलावर ठेवलं. त्याच्यावर हात ठेवला.

“काय झालं?” हाउकेने विचारलं.

“एक.”

“आणि आधी?”

“दोन.”

हाउकेचा पाव तोंडाशी थांबला. “पण तू पिन टाकलाच नाहीस.”

“विचारलं ना,” ओलेव म्हणाला.

हे सांगायला दोघांना आणखी शब्दांची गरज नव्हती. त्या जातीच्या कार्डाला रिकामा हुकूम हा प्रश्न वाटतच नाही. ते त्याला चुकीचा पिन समजतं आणि एक संधी कापतं. तीनदा विचारपूस केली की मेलं. आणि ओलेवचा नवा, नीटनेटका कोड कार्ड लावल्या लावल्या आधी विचारपूसच करायचा.

तेव्हा त्याला आठवलं. आतून काही उसळून वगैरे आलं नाही; एखादा सामान पोचवणारा माणूस दारात आला आणि गाठोडं ठेवून गेला, तसं. विर्वे बर्फावरून आली होती, भुवयांवर हिम. तिचं कार्ड त्या आठवड्यात पुन्हा मिटलं होतं आणि ते उघडून घ्यायला तिला परत तार्तू शहरापर्यंत जावं लागलं होतं. टोपीही न काढता ती म्हणाली होती, “तुझा प्रोग्राम फार चौकश्या करतो. कार्ड आमच्याकडचं आहे. चौकशी केली की मिटतं. विचारू नको त्याला.” तो हसला होता आणि तिचेच दोन शब्द त्याने टीप म्हणून वर लिहून टाकले होते.

ते कार्ड कोणाचं हे हाउकेला ठाऊक नव्हतं. ओलेवने आता सांगितलं, जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्यांत. हाउकेने पाव खाली ठेवला. सॉरी वगैरे म्हणाला नाही. म्हणाला, नवी आवृत्ती गेली खड्ड्यात, तू ती ओळ आधी परत घाल, मी वाचतो.

ओलेवने ती घातली. एवढंसं काम, पण हाउकेने ते असं वाचलं जसं कोणी मृत्युपत्र वाचतो. मग म्हणाला, पुन्हा वाचतो. मग त्याने ओलेवच्या कॉम्प्युटरवर आणखी कोणकोणते प्रोग्राम कार्ड दिसताच नाक खुपसतात ते एकेक शोधून बंद करायला लावले. त्यातला एक इतका लोचट होता की बंद केल्यावरही दोनदा डोकं वर काढून बघून गेला. शेवटी ओलेवने विचारलं, टीप इंग्रजीत करू का, लोकांना कळेल.

“नको, तशीच ठेव,” हाउके म्हणाला. “ज्याला ती कळत नाही त्याने त्या फाइलीला हात लावू नये. माझ्यासकट.”

आता संधी एक आणि अंदाज दोन.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. लेइदा आली, मासा ठेवला, पायांकडे बघितलं, मोजे टाकले आणि कांद्याचं पहिलं वाक्य सुरू केलं. ओलेवने ते मधेच तोडलं. दोन हिवाळ्यांत त्याने तिचं वाक्य तोडलं नव्हतं, त्यामुळे ती खाली बसली. त्याने सगळं सांगितलं: कार्ड, डिस्क, उरलेली एक संधी, लग्नाची तारीख, खोपट्याचा नंबर.

लेइदाने ऐकून घेतलं. मग तिच्या छातीत काहीतरी खडखडलं. ते हसू होतं.

“लग्नाची तारीख?” ती म्हणाली. “अहो जावईबुवा, ती तारीख तिला कधी लक्षात होती? दर वर्षी सकाळी मी फोन करायचे, आज केक आण म्हणून. तुम्हाला काय वाटलं, मनाने आणायची?”

ओलेवला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एखाद्या माणसाला याचं वाईट वाटलं असतं. त्याने फक्त एक अंदाज खोडला.

आणि खोपट्याचा नंबर तर सगळ्या सरोवराला दिसतो, लेइदा म्हणाली. विर्वे आळशी होती, पण वेडी नव्हती. आळशी माणसाचा आकडा एकच असतो, सगळ्या कुलपांना तोच. हे बोलता बोलता ती थांबली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघू लागली.

तिच्या धुरीच्या खोलीला आकड्यांचं कुलूप होतं. मासे चोरीला जाऊ लागले तेव्हा ते विर्वेनेच आणलं, विर्वेनेच लावलं. आकडे मात्र बहिणीला सांगितले नाहीत. तू बाजारात बसतेस, कोणीही विचारेल आणि तू सांगशील, म्हणाली. त्यापेक्षा तुझ्या बोटांना शिकवते. आणि शिकवलं, एकेक चकती किती टकटक फिरवायची ते. तेव्हापासून लेइदा अंधारात, हातमोजे घालून, एकदा तर तापाने फणफणलेली असताना ते कुलूप उघडत आली होती. कोणते आकडे, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. आणि आता बघावं म्हटलं तरी चकत्यांवर धुराचं काजळ असं चढलं होतं, की कुलूप आहे की सुकलेला मासा हे चाटून बघितल्याशिवाय कळलं नसतं.

दोघं तिच्या अंगणात गेले. लेइदाने हातमोजा काढला, डोळे मिटले, आणि बोटांना करू दिलं. कुलूप उघडलं. पण ती ते सोडेना.

“आता हलवू नकोस,” ओलेव म्हणाला.

“मला काय शिकवतोस,” ती म्हणाली. “पूस.”

त्याने कोटाच्या बाहीला थुंकी लावून काजळ पुसलं. एकामागून एक चार आकडे वर आले. तारीख नव्हती. कोणाचं जन्मसाल नव्हतं, घराचा नंबर नव्हता. त्याला त्यांचा काही अर्थ लागला नाही, लेइदालाही लागला नाही, आणि अजूनपर्यंत लागलेला नाही.

परत येताना त्याने एकदा तिला विचारलं, हेच असतील कशावरून. लेइदाच्या बापाच्या घरी असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नव्हती.

घरी आल्यावर ओलेवने बूट काढले आणि तसाच अनवाणी टेबलापाशी बसला. कार्ड सारलं. या वेळी लायब्ररीने काही विचारलं नाही. संधी: माहीत नाही, एवढंच पडद्यावर आलं, आणि खाली पिनची रिकामी चौकट. लेइदा कोट न काढता मागे उभी होती. खिडकीबाहेर दिवस मावळायच्या बेतात होता, तिथे तो तीन वाजल्यापासूनच त्या बेतात असतो. त्याने चारही आकडे टाकले. बटणावर बोट ठेवलं. बोट दाबलं जातंय की नाही हे त्याला कळेना, म्हणून खाली बघून खात्री करून घेतली. दाबलं गेलं होतं.

कार्ड विचार करू लागलं. गावच्या मानाने फारच थोडा वेळ घेतला त्याने.

डिस्क उघडली.

त्याने पहिली फाइल लावली. खरखर, मग विर्वे म्हणाली, “मुस्तवेपासून पूर्वेला, वारा उत्तरेचा, बर्फ कोपरभर.” आणि मग नुसता बर्फ, लांबवर कण्हणारा.

ओलेव ऐकत राहिला. ज्याची भीती होती तेच झालं: काही वाटलं नाही. आवाज तिचा होता हे त्याला कळलं, जसं एखादी सही खरी आहे हे बँकेतल्या माणसाला कळतं. त्याने दुसरी फाइल लावली. वारा नैर्ऋत्येचा. तिसरी. चौथीत ती जागा सांगून थांबली आणि मग माईक चालू आहे हे विसरून स्वतःशीच पुटपुटली, “मेले, पाय गारठून मेले,” आणि बर्फावर बूट आपटल्याचे आवाज आले, एक, दोन, कितीतरी. सरोवराने खालून त्यांना शीळ घालून जवाब दिला.

लेइदाने नाक ओढलं. ओलेवने ऐकलं नाही. तो खुर्चीत खाली बघत होता. टेबलाखाली त्याचे दोन पाय फरशीवर होते, निळसर. त्याने एक उचलून दुसऱ्यावर ठेवला. मग उलट केलं.

लेइदाचे ओठ हलले. दोन वर्षं तिने ते वाक्य गिळून धरलं होतं आणि आता ते अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण सवय मोठी. तिने ते परत खाली घातलं.

तो स्वतःच बोलला, न विचारता.

“पाय गार पडलेत,” ओलेव म्हणाला. त्याच्या आवाजात जरा आश्चर्य होतं.

“पडलेच आहेत,” लेइदा म्हणाली. “दोन हिवाळे झाले.” आणि खुर्चीवरच्या ढिगातून वरचे मोजे काढून तिने त्याच्या मांडीवर फेकले.

एक मोजा चढवायला त्याला फार वेळ लागला. बोटं लोकरीत अडकत होती, गळ घुसलेलं बोट ठणकत होतं. डिस्कमध्ये विर्वे अजून बूट आपटत होती.